परत आलेल्याचा पोवाडा

मंडळी, मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे मध्ये बरेच दिवस लिहिणं बंद होतं. आता अक्षरं पुन्हा स्वच्छ दिसायला लागली आहेत, तेव्हा डोक्यात कधीपासून घोळत असलेला एक विषय आज लिहून काढते. विषय थोडा जड आहे. ठाण्याच्या वहिनी म्हणतील, पापड-लोणच्याचं काहीतरी लिहा. तेही लिहीन पुढे. आज लढाईबद्दल, आणि लढाईच्या गाण्यांबद्दल.

मे २०२५ मध्ये देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली. महाराष्ट्रातल्या पहिल्या वर्गाच्या यादीत तेव्हा तीन नावं होती. मुंबई, उरण आणि आमचं तारापूर. इथलं अणुवीज केंद्र १९६९ सालापासूनचं, त्यामुळे यादीत नाव येणारच. १९७१ सालचा अंधार पाहिलेल्या आमच्यासारख्यांना त्याचं फार काही वाटलं नाही. खिडकीच्या काचेला काळा कागद चिकटवणं, कंदिलाची वात बारीक करणं, हे सगळं हातांना अजून आठवतं. मला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. नातवाच्या फोनवर दोन दिवसांत गाणी येऊन थडकली. विमानं, झेंडा, ढोल आणि वर कोणाचा तरी खणखणीत आवाज. इकडे लढाई चालू आहे की थांबली हे बातम्यांतून धड कळत नव्हतं आणि तिकडे तिचं गाणं गाऊनसुद्धा झालं होतं.

नातू म्हणाला, "आजी, तुमच्या वेळी असं काही नव्हतं ना?"

म्हटलं, "होतं रे बाबा. फक्त त्याला डफ लागायचा."

मी पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. त्यात पोवाडा किती वेळा शिकवला असेल त्याची गणती नाही. अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा आणि तुळशीदासाचा सिंहगडचा पोवाडा, हे आपल्याकडचे सगळ्यांत जुने म्हणून मुलांना सांगायचे. अज्ञानदासाला बक्षीस म्हणून घोडा आणि सोन्याचा तोडा मिळाला असं सांगतात. तेही मुलांना आवडायचं. मग मी विचारायची, शाहिराला बक्षीस कोण देतो? मुलं म्हणायची, राजा. कुठला राजा, जिंकलेला की हरलेला? मुलं हसायची. एखादा मागच्या बाकावरचा म्हणायचा, "बाई, हरलेल्याकडे घोडा उरला पाहिजे ना!"

तर पोवाड्याचं गणित हे असं आहे. ऐकणारे समोर बसलेले असतात, डफ चालू असतो, तुणतुणं चालू असतं, झीलकरी सूर धरून उभे असतात. थांबायला जागाच नाही. गडाच्या कड्याला घोरपड लागली पाहिजे, तलवारीला तलवार भिडली पाहिजे, एक पडला की दुसऱ्याने शेला कसून पुढे गेलं पाहिजे. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आला की शाहीर जिंकला. ह्याला मी कमी लेखत नाही. वर्तमानपत्र नव्हतं तेव्हा गावोगावच्या माणसांना कोण कुठे कशासाठी मेलं ते पोवाड्यानेच सांगितलं. आणि हे काम फक्त राजांच्या काळातच झालं असंही नाही. अण्णाभाऊ साठ्यांनी १९४३ साली 'स्टालिनग्राडचा पोवाडा' लिहिला आणि हजारो मैलांवरच्या बर्फातली लढाई मुंबईच्या गिरणी कामगाराच्या चाळीत आणून ठेवली. त्याला कोण्या राजाने घोडा दिला नव्हता. ज्याचं नाव कुठेच लिहिलं जाणार नाही अशा माणसाचं नाव चार लोकांत मोठ्याने घेणं, हे पोवाड्याचं मोठं पुण्य आहे.

पण एकदा एका माणसाने मला एक प्रश्न विचारला आणि तेव्हापासून मी पोवाडा थोडा वेगळ्या कानाने ऐकते.

१९९९ च्या डिसेंबरातली गोष्ट. शाळेचं स्नेहसंमेलन होतं. कारगिलची लढाई त्याच वर्षी जुलैत संपली होती, त्यामुळे त्या वर्षी प्रत्येक शाळेत देशभक्तीचा कार्यक्रम ठरलेला. मी नववीच्या मुलांचा सिंहगडचा पोवाडा बसवला होता आणि शेवटी कारगिलवर चार कडवी जोडली होती. मुलांनी रंग भरला. टाळ्या थांबेनात. नंतर मी फेटे मोजून पेटीत ठेवत होते, तेव्हा एक गृहस्थ येऊन उभे राहिले. किनाऱ्याकडच्या एका गावचे, मासेमारी करणारे. धाकटी मुलगी आमच्या शाळेत होती आणि मोठा मुलगा फौजेत. त्या उन्हाळ्यात तो जखमी होऊन आला होता. डावा पाय गुडघ्याखाली गेलेला.

ते म्हणाले, "बाई, पोरांनी छान केलं. एक विचारू का?"

"विचारा ना."

"यात गड घेणारे आहेत, पडलेले आहेत. लढून घरी आलेला कोणीच नाही. असा पोवाडा नसतो का?"

मी म्हटलं, "तानाजीबरोबरचे मावळे घरी गेलेच असतील की."

"गेले असतील. पण पुढे त्यांचं काय झालं, ते कोणी गातं का?"

त्यांचा मुलगा बाहेर फाटकाजवळ कुबड्यांवर उभा होता. पोवाडा अर्धा झाल्यावर तो उठून बाहेर गेला होता, हे मी स्टेजच्या बाजूने पाहिलं होतं. त्याच्या हातात चहाचा कप होता आणि चार मुलं त्याच्याभोवती उभी राहून त्याच्या पायाकडे बघत होती.

मी त्या गृहस्थांना काहीतरी बोलले, आता आठवत नाही. पण प्रश्न राहिला. माझ्या बी.ए.च्या पुस्तकांत त्याचं उत्तर लगेच सापडलं नाही. पुढे निवृत्त झाल्यावर वेळ मिळाला, तेव्हा जिथे जिथे लढाईच्या खुणा दिसतील तिथे तिथे मी हाच प्रश्न घेऊन उभी राहायला लागले. आमचे हे म्हणायचे, "लोक देवळात देव बघतात, तू लढाया बघतेस."

बोरिवलीला माझी धाकटी बहीण राहते. तिच्याकडे गेले की एकसरला जाते. एकसरचे वीरगळ किती जणांनी पाहिलेत? लोकल गाडीने रोज त्यांच्या जवळून लाखो माणसं जातात. लढाईत मेलेल्या वीराच्या आठवणीसाठी उभा केलेला दगड म्हणजे वीरगळ. महाराष्ट्रात ते गावोगाव आहेत, बहुतेक कमरेएवढे. एकसरचे मात्र माणसापेक्षाही उंच आणि त्यांच्यावर कोरलेली लढाई आहे समुद्रावरची. शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यात साधारण १२६५ च्या सुमारास जी लढाई झाली तीच ही, असं बरेच अभ्यासक मानतात. त्यात सोमेश्वर बुडून मेला आणि उत्तर कोकणातलं शिलाहारांचं राज्य संपलं. यादवांच्या दरबारातल्या हेमाद्रीने, म्हणजे आपल्या हेमाडपंताने, त्याचं वर्णन केलं आहे. महादेवाच्या रागाच्या आगीत जळण्यापेक्षा सोमेश्वराला समुद्राच्या पोटातला वडवाग्नी बरा वाटला, असा त्याचा अर्थ. बघा, माणूस बुडाला तेही जिंकणाऱ्याच्या कौतुकात जमा!

दगडावर मात्र वेगळं दिसतं. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. खालच्या पट्टीत लढाई, मधल्या पट्टीत अप्सरा वीराला वर नेताहेत, सगळ्यात वर तो शंकराच्या पिंडीपुढे बसलेला. एकसरला खालच्या पट्ट्यांमध्ये होड्या आहेत. लांबट, टोकं वर उचललेल्या, आणि त्यांच्या कडेने वल्ह्यांची ओळ. तो पाथरवट समुद्राकाठचा असावा असं मला नेहमी वाटतं, कारण वल्हं पाण्यात कसं तिरकं जातं ते त्याला नीट माहीत आहे. वर लढणारा वीर ज्या निगुतीने कोरलाय त्याच निगुतीने खालची वल्ही कोरली आहेत. पण स्वर्गात जातो तो वीर. वल्हवणारा खालच्या पट्टीतच राहतो. त्याचं पुढे काय झालं? तो पोहून किनाऱ्याला लागला का? दगड सांगत नाही. तरी एक आहे. साडेसातशे वर्षांनी मी त्याच्या वल्ह्याकडे बघून हा प्रश्न विचारू शकते, एवढी जागा त्या पाथरवटाने त्याला ठेवली.

दुसरं चित्र आमच्या अंगणातलंच. वारली चित्र आता साड्यांवर आणि चहाच्या कपांवर आलं आहे. गंजाडच्या जिव्या सोमा मशेंनी ते जगभर नेलं, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते गेले. पण मुळात ते लग्नघरातलं चित्र. सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात आणि धवलेरी गाते. चौकात मध्ये पालघट देवी असते. तिच्याजवळ एक लहान देवचौक असतो आणि त्यात पंचशिऱ्या. माझ्या एका विद्यार्थिनीच्या लग्नात तो मला पहिल्यांदा नीट बघायला मिळाला. घोड्यावर बसलेला वीर, धडावर डोकं नाही आणि मानेतून धान्याचे पाच कोंब फुटलेले.

मी बराच वेळ त्याच्यासमोर उभी होते. त्याचा अर्थ काय, हे वारली माणसानेच सांगावं, मी सांगणं बरं नाही. हा शेताचा राखणदार आहे एवढं तिच्या आजीने सांगितलं. पण लढाईत मान तुटलेल्या माणसाचं काय करायचं, ह्या प्रश्नाला मी पाहिलेलं हे सगळ्यात वेगळं उत्तर. स्वर्गात पाठवला नाही, बिरुदं दिली नाहीत. त्याला शेतात लावला. आणि ह्या लोकांनी मार खाल्लेला नाही म्हणून त्यांना असं सुचतं, असंही कोणी समजू नये. वेठबिगारीविरुद्ध १९४५ साली उठलेल्या वारल्यांवर १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला. त्यात पाच जण गेले, त्यांत जेठ्या गांगड होते. गोळी काय असते ते ह्या घरांना चांगलं ठाऊक आहे.

गंमत पाहा. पिकासोचं 'गेर्निका' सगळ्यांनी ऐकलेलं असतं. २६ एप्रिल १९३७ ला स्पेनमधल्या त्या गावावर विमानांतून बॉम्ब टाकले गेले आणि त्याच वर्षी पिकासोने भिंतभर चित्र काढलं. त्यात विमान नाही, सेनापती नाही, जिंकलेलं कोणीच नाही. मेलेलं मूल घेतलेली आई आहे, ओरडणारा घोडा आहे आणि खाली एक पडलेला सैनिक. त्याच्या हातात मोडकी तलवार आहे आणि तिच्या मुठीपाशी एक बारीकसं फूल उगवलेलं आहे. माझ्या मुलीने पुस्तकातलं ते चित्र मला दाखवलं, तेव्हा मी त्या फुलावर बोट ठेवून म्हटलं, अगं, हा तर आमचा पंचशिऱ्या! दोघांनी एकमेकांचं काही पाहिलेलं नव्हतं. पण पडलेल्या माणसाजवळ काहीतरी उगवलं पाहिजे, हे दोन्हीकडे चित्र काढणाऱ्या हाताला सुचलं.

आता परत आपल्या गावाकडे येते. तारापूरचा किल्ला. तटाच्या आत आता झाडं आहेत, वाडी आहे. शाळेच्या सहलीला चिंचणीचा समुद्र आणि हा किल्ला ठरलेला असायचा. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने माहीम, केळवे, शिरगाव घेतल्यावर तारापूरला मोर्चे लावले आणि सुरुंग लावून किल्ला घेतला. मे महिन्यात वसई पडली. हे सगळं चौथीपासून मुलांना पाठ. तारापूरच्या त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर पडले. पेशव्यांच्या घरातलेच असावेत इतके जवळचे सरदार. त्यांच्या आईला पेशव्यांकडून सांत्वनाचं पत्र गेलं, ते इतिहासात जपून ठेवलेलं आहे.

मला तारापूरच्या विजयापेक्षा ते पत्र मोठं वाटतं. विचार करा, मोहीम चालू आहे, वसई अजून घ्यायची आहे, दारूगोळा कमी, पैसा कमी, आणि त्या गडबडीत कोणीतरी कारकुनाला समोर बसवून एका बाईला पत्र सांगतो. तिथे डफ नाही, श्रोते नाहीत. वाचणारी एकच, आणि तिला कडाका नको आहे. तिला तिचा मुलगा हवा आहे, जो कोणी देऊ शकत नाही. असं पत्र लिहायला पोवाड्याइतकीच अक्कल लागते, किंबहुना जास्त. आम्हाला बी.ए.ला ऐतिहासिक पत्रव्यवहार होता, पण तो 'भाषेचा नमुना' म्हणून. आईला काय वाटलं असेल, यावर पाच मार्कांचा प्रश्न कधी आला नाही.

वसईच्या मोहिमेतून आणखी एक गोष्ट आपल्याकडे आली, ती म्हणजे घंटा. पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या मोठमोठ्या घंटा मराठ्यांनी जिंकून नेल्या आणि देवळांना वाहिल्या. नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळावर जी आहे तिच्यावर १७२१ साल आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर आहे तिच्यावर १७०७. भीमाशंकरलाही आहे. नाशिककडे मोठ्या आवाजात बोलणाऱ्या बाईला 'नारोशंकराची घंटा' म्हणतात. मला ही पदवी शिक्षकांच्या खोलीत मिळालेली आहे, हे माझ्या विद्यार्थिनी वाचत असतील तर त्यांना सांगायला हरकत नाही!

एका सहलीला माझ्याबरोबर वसईच्या एक सहकारी बाई होत्या. ख्रिस्ती, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. आम्ही दोघी खाली उभ्या राहून मुलांना घंटा दाखवत होतो. मुलांनी विचारलं, ही इथे कशी आली? मी सांगितलं, चिमाजी आप्पांनी वसई जिंकली तेव्हा आणली. त्या शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडची आहे." मग थोडं थांबून म्हणाल्या, "वितळवली असती तर? इथे आहे हे बरंच झालं. पण कोणाची होती, तेवढं सांगत जावं."

वितळवली असती तर, हे त्यांनी उगीच म्हटलं नव्हतं. घंटा आणि जुनी तोफ दोन्ही एकाच धातूच्या, तांबं आणि कथील यांच्या. घंटेत कथील जास्त म्हणून ती वाजते, तोफेत कमी म्हणून ती फुटत नाही. त्यामुळे युद्ध आलं की घंटेवर नजर जाते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी युरोपातल्या चर्चच्या लाखाहून जास्त घंटा उतरवून भट्टीत घातल्या. आपल्या लोकांनी वसईच्या घंटा भट्टीत घातल्या नाहीत, देवापुढे टांगल्या. लूट ती लूटच, पण तिचा आवाज त्यांनी मारला नाही. त्या आवाजात भरतीला होडी लोटणाऱ्या, संध्याकाळी गुडघे टेकणाऱ्या वसईच्या माणसांचं काय झालं, हा मात्र तोच प्रश्न. त्या वर्षीच्या सहलीचा अहवाल आम्ही दोघींनी मिळून लिहिला. त्यात घंटेबद्दल दोन वाक्यं आहेत, एक माझं आणि एक त्यांचं. मुलांनी दोन्ही पाठ केली.

आता मेणवली. ज्या घाटावर ती १७०७ ची घंटा आहे तो घाट आणि शेजारचा वाडा नाना फडणविसांचा. आणि इथे मला त्या गृहस्थांच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं, तेही ज्याच्याकडे मी कधी त्या नजरेने पाहिलं नव्हतं अशा माणसापाशी. नाना म्हटलं की आपल्याला साडेतीन शहाण्यांतला मुत्सद्दी आठवतो. पण १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर तो अठरा वर्षांचा पोरगा होता. बरोबर आई होती, बायको होती. फौज मोडली तेव्हा तो अंगावरचे चांगले कपडे टाकून, लपतछपत, उपाशीपोटी चालत निघाला. बायको पुढे भेटली. आई त्या धामधुमीत गेली ती गेलीच. आणि हे सगळं त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे, त्याच्या छोट्याशा आत्मचरित्रात. त्यात शौर्य नाही. भीती आहे, भूक आहे, आई कुठे राहिली ही रुखरुख आहे. पुढे मोठा कारभारी झालेल्या माणसाने आपली ही अवस्था झाकून ठेवली नाही.

म्हणजे परत आलेला माणूस मराठीत होता. फक्त तो डफावर नव्हता, गद्यात होता. पानिपतावर पोवाडेही झाले. पण ती हार आपल्या हाडात शिरली ती बोलण्यातून आणि बखरीतून. 'संक्रांत आली', 'पानिपत झालं' असं आपण अजून म्हणतो, दहावीचा निकाल लागला तरी म्हणतो. आणि 'भाऊसाहेबांची बखर' वाचताना तर असं वाटतं की कोणीतरी पडवीत बसून, मध्ये मध्ये थांबत, आपल्याला सांगतोय. थांबायची सोय गद्यात असते.

हे सगळं माझ्या डोक्यात जुळलं त्यानंतर, आठ-दहा वर्षं झाली असतील, बोईसरच्या बाजारात मला तो मुलगा भेटला. मुलगा कसला, चाळिशीतला माणूस. जयपूर पाय बसवलेला, चालताना फारसं कळत नाही. पिशवीत भाजी होती. मला ओळखून वाकला. मी त्याला जवळच्या हॉटेलात नेलं, चहा मागवला आणि सरळ विचारलं, त्या दिवशी पोवाडा चालू असताना उठून का गेलास?

तो हसला. म्हणाला, "बाई, पोवाडा आवडला होता. पण संपला की लोक माझ्याकडे वळणार आणि म्हणणार, आता तू सांग. आणि मला जे सांगता येतं ते डफावर बसत नाही."

"काय सांगता येतं?"

मग त्याने सांगितलं. पायमोजे कधी वाळायचेच नाहीत. एक खेचर होतं, त्याचं नाव त्यांच्या तुकडीने एका सिनेमातल्या नटीवरून ठेवलं होतं आणि ते खेचर गेलं त्या रात्री कोणी जेवलं नाही. इस्पितळात शेजारच्या खाटेवर एक बिहारचा मुलगा होता, तो झोपेत घरी बोलल्यासारखा बोलायचा आणि सकाळी विचारायचा, मी काही बोललो का? सगळे सांगायचे, नाही. पहिल्यांदा बोईसर स्टेशनला उतरला तेव्हा वडील प्लॅटफॉर्मवर उभे होते आणि दोघांनाही आधी पायाकडे बघायचं की तोंडाकडे, ते कळेना. मग वडील म्हणाले, सामान दे इकडे. एवढंच.

हे तो वीस मिनिटं सांगत होता. मध्येच थांबत होता, चहा पीत होता. मी आयुष्यभर मराठी शिकवली, पण लढाईबद्दल इतकं खरं मराठी मी वर्गात क्वचितच ऐकलं असेल. मी म्हटलं, "हे लिहून ठेव." तो म्हणाला, "माझं शुद्धलेखन तुम्हाला माहीतच आहे." मी म्हटलं, "शुद्धलेखन मी बघते, तू फक्त लिही." वडील आता नाहीत. त्याने वही आणली, अजून पाच-सहा पानांच्या पुढे गेलेली नाही, पण आहे. ऱ्हस्व-दीर्घ मी अजून एकही दुरुस्त केलेलं नाही. जिथे तो अडखळला आहे तिथे खाडाखोड आहे, आणि ती खाडाखोड तशीच राहावी असं मला वाटतं.

नातवाला मी हे सगळं सांगितलं. त्याच्या फोनवरची गाणी बंद कर, असं म्हटलं नाही. तानाजीचा पोवाडा ऐकताना आजही माझ्या अंगावर काटा येतो आणि तो येऊ नये असं मला मुळीच वाटत नाही. गाणं लढाईबरोबर जातं, ते जाणारच. पण लढाई संपल्यावर घरी जे येतं त्याला वेळ लागतो. साडेसातशे वर्षांनी एखादी म्हातारी वल्ह्यांसमोर उभी राहते. एखादं पत्र आईने ट्रंकेत ठेवलेलं असतं. एखादा माणूस स्वतःच्या भीतीबद्दल लिहायला बसतो. ह्यातलं काहीच दोन दिवसांत होत नाही आणि त्याला लाखो लोक ऐकतही नाहीत.

म्हणून, मंडळी, एक विनंती. आपल्यापैकी बऱ्याच घरांत फौजेतून परत आलेलं कोणी ना कोणी आहे. सातारकडच्या आमच्या सोयऱ्यांत तर घरटी एक. लग्नाकार्यात आपण त्यांना पुढच्या खुर्चीवर बसवतो, मेजर म्हणून हाक मारतो आणि जेवताना म्हणतो, सांगा की एखादा किस्सा. ते किस्सा सांगतात, आपण हसतो, पंगत उठते. पुढच्या वेळी किस्सा नका मागू. पंगत उठल्यावर त्यांच्याजवळ जाऊन बसा, पायमोजे वाळायचे का, असं काहीतरी साधं विचारा, आणि मग गप्प बसा. ते बोलले तर लिहून घ्या. त्यांच्याच शब्दांत, थांबले तिथे थांबून.

आणि मला कळवा. मोतीबिंदू निघाला आहे, आता कितीही बारीक अक्षर वाचता येतं.